भरल्या ताटावरून

३० नोव्हेंबर, संत आंद्रेयचा दिवस

माझा नवरा इम्रिख होता तेव्हा मनात येईल ते सगळं त्याला ऐकवायचे. तो पेपर वाचता वाचता ‘हं’ म्हणायचा, तेवढ्यावर माझं भागायचं. आता वेंडोला काही सांगायला गेलं की तो म्हणतो, “आई, पुरे.” म्हणून हे लिहायला घेतलंय. कागद ‘पुरे’ म्हणत नाही.

वेंडो माझा एकुलता एक. दिवसा लाकडाच्या गिरणीत असतो आणि डोंगरात कुणी अडकलं की बचाव पथकाबरोबर जातो. दीड वर्षापूर्वी त्यानं लग्न केलं, ते थेट नित्राच्या मुलीशी. नित्रा म्हणजे सगळा सपाट मुलूख, तिथल्या लोकांना चढ म्हणजे जिना एवढंच ठाऊक. कोर्नेलिया तिचं नाव, सगळे नेला म्हणतात. मागच्या नाताळला दोघं तिच्या माहेरी गेले. इथं मी आणि इम्रिखचा फोटो, असे दोघेच जेवायला बसलो. मे महिन्यात ते वरच्या मजल्यावर राहायला आले. यंदा चोवीस तारखेला माझा मुलगा माझ्या टेबलाशी बसणार. एवढंच मला हवंय, बाकी काही नको.

संध्याकाळी शेजारच्या इर्माकडे शिसं ओतायला गेलो होतो. वितळलेलं शिसं किल्लीच्या भोकातून थंड पाण्यात सोडायचं आणि जो आकार होईल त्यावरून पुढचं वर्ष कसं ते ओळखायचं. खरं तर हा लग्नाच्या पोरींचा खेळ, पण इर्मा कुणालाच सोडत नाही. नेलानं ओतलं तर तिरका, टोकदार तुकडा निघाला.

“डोंगर,” इर्मा म्हणाली. “डोंगराएवढं सुख आहे बाई तुझ्या नशिबात.”

“मला डोंगर नकोय,” नेला म्हणाली.

सगळ्या हसल्या. ती नाही हसली. आमचा मुलूख तिला आवडत नाही हे मला ठाऊक होतंच, पण ते असं चारचौघींत बोलून दाखवावं?

४ डिसेंबर, संत बार्बोराचा दिवस

चेरीची फांदी तोडून पाण्यात ठेवली. नाताळपर्यंत फुलली तर घरात आनंद. फांदी मी तोडली, कारण सूनबाई खिडकीशी उभ्या होत्या. तासन्‌तास उभी असते. समोर काय आहे, तर आमचा कडा आणि त्याच्या डावीकडे मागच्या दरीचं तोंड. जन्मल्यापासून बघतेय मी, त्यात बघण्यासारखं काही नाही.

“आई, त्या दरीत पश्चिमेचा वारा आला की बर्फ कुठल्या अंगाला साचतो?” तिनं विचारलं.

“मला काय माहीत. वेंडोला विचार.”

“तो सांगत नाही.”

मग पुन्हा मोबाईलमध्ये तोंड. मी डोकावून पाहिलं. हवामान. निळे-लाल पट्टे नुसते. नित्रात ऊन आहे का ते बघत असणार. मी सहज विचारलं, “चोवीसला कार्प माशाचं सूप करायचं की कोबीचं? नित्रात काय करतात?” तर म्हणाली, “बघू, आई.” बघू म्हणजे काय? चोवीस तारखेचं कुणी ‘बघू’ म्हणतं?

९ डिसेंबर

काल धुकं होतं. दोन पोलिश स्कीवाले मागच्या दरीत वाट चुकले. वेंडो दुपारी गेला तो आज सकाळी परत आला. दोघेही सापडले, धडधाकट. वेंडोच्या उजव्या हाताची दोन बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. नेलानं कोमट पाण्याचं पातेलं आणलं, त्याचा हात त्यात धरून बसली, चकार शब्द बोलली नाही. मला वाटलं, चला, शहाणी आहे. पण वर गेल्यावर जे ओरडणं सुरू झालं ते खालपर्यंत ऐकू आलं.

“आणि पुढच्या वेळी मला फोन कोण करणार? ब्लाजेय? काय म्हणणार तो मला फोनवर?”

रात्रभर बर्फात राबून आलेल्या माणसाशी हे बोलणं. फोनचंच वेड. ब्लाजेय माझ्या बहिणीचा मुलगा, पथकाच्या ठाण्याचा प्रमुख आहे. त्यानं हिला फोन केला तर काय बिघडलं? चांगला बोलतो की तो.

मी वेंडोसाठी खिमट केलं आणि वर नेऊन दिलं. तिनं दार उघडलं. डोळे सुजलेले. मी काही विचारलं नाही. विचारलं तर म्हणणार, काही नाही आई.

१३ डिसेंबर, संत लुसियाचा दिवस

आज जे ऐकलं ते लिहून काढते, नाहीतर झोप येणार नाही.

लुसियाच्या संध्याकाळी आम्ही बायका पांढऱ्या चादरी पांघरतो, तोंडाला पीठ फासतो आणि हंसाचा पंख घेऊन घरोघर जातो. बोलायचं नाही, हसायचं नाही. घराचे कोपरे झाडायचे आणि निघायचं. सगळी इडापिडा बाहेर. यंदा इर्मा आणि मी मिळून आठ-दहा घरं केली. शेवटी माझंच घर उरलं. इर्मा फाटकाशी बुटातला बर्फ काढत राहिली, मी पुढे झाले. स्वयंपाकघराचं दार किलकिलं होतं. आतून नेलाचा आवाज.

“चोवीस तारखेला तू या घरात नको आहेस मला. इथं असलास की ते बोलावणार.”

“आईचं काय?” वेंडो.

“आईंना मी सांगते. रागावतील. रागावू देत. पंचवीसला परत येऊन पाया पडते त्यांच्या, पण चोवीसला तू नित्रात हवास.”

“ब्लाजेयनं सुट्टी दिलीय. पण एवढ्यात आईला बोलू नकोस.”

म्हणजे सगळं ठरलंय. कोण बोलावणार, कशाला बोलावणार, ते मला कळलं नाही. तिच्या माहेरचे बोलावणार असतील. पण ‘या घरात नको आहेस’ हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

तेवढ्यात इर्मा आली आणि आम्ही आत शिरलो. नेलानं आम्हाला ओळखलं नाही. “या दोघी कोण?” असं हसत वेंडोला विचारलं. रडून झाल्यावरचं हसू असतं तसं. मी बोलायचं नव्हतंच. चारही कोपरे झाडले. तिच्या पायांवरूनही पंख फिरवला, जरा जोरातच.

१६ डिसेंबर

ठाण्यावर जाऊन आले. वेंडो गिरणीत होता ती वेळ साधली. ब्लाजेय स्कीला मेण लावत बसला होता.

“मावशी, बूट झटका, मग आत या. काय झालं?”

“काही झालेलं नाही. वेंडोला दिलेली सुट्टी परत घे.”

त्यानं हातातलं काम ठेवलं. “त्यानं ऑक्टोबरातच मागितली होती. त्याच्या जागी मी दुसरा माणूस बघितलाय.”

“त्या माणसाला घरी बसव. सणाला माझा मुलगा माझ्या घरी पाहिजे.”

“मावशी, हे तुम्ही वेंडोशी बोला. नेलाशी बोला.”

“तुझ्या बाप्तिस्म्याला तुला हातात कुणी धरलं होतं? तुझी आई गेल्यावर तुझ्या लग्नातला केक कुणी भाजला?”

तो दाढी खाजवत राहिला. लहानपणापासून खोड आहे, कात्रीत सापडला की हनुवटी खाजवतो. “तो घरी असेल,” तो म्हणाला, “पण हाकेवर असेल. फोन वाजला की निघायचं. कळतंय ना तुम्हाला? यंदाचा बर्फ चांगला नाहीये. खालचा थर साखरेसारखा झालाय, वरचा कधीही घसरेल.”

“घरी असेल ना? मग झालं. सणाच्या संध्याकाळी कोण मरायला डोंगरात जातं?”

“तुम्हाला खरंच हवंय हे?”

“हो.”

परत येताना इर्मा भेटली. कुठं गेली होतीस म्हणाली. मेणबत्त्या आणायला, म्हटलं. हातात मेणबत्त्या नव्हत्या.

१८ डिसेंबर

काल रात्री जेवताना वेंडो म्हणाला, “आई, चोवीसला आम्ही इथंच आहोत. माझी ड्यूटी लागली.” मी सूप वाढत होते. हात थांबला नाही माझा. “बरं झालं,” म्हटलं. मनातून नाचत होते, हे इथं कबूल करायला हरकत नाही.

नेलाकडे पाहिलं. भांडणार असं वाटलं होतं. पण आज दुपारी ती स्वतःहून खाली आली, बाह्या वर केल्या आणि म्हणाली, “खसखशीच्या गोळ्यांचं पीठ कसं मळायचं ते शिकवाल?” शिकवलं. हात वाईट नाही तिचा. पण मळताना माझ्याकडे अशी बघत होती, जसं काही मी बोलेन म्हणून वाट बघतेय. मी काय बोलणार? हरल्यावर माणूस असंच गोड वागतं.

मग कोबीसाठी कांदा चिरायला घेतला तिनं. चिरून झाला तरी डोळे पुसणं चालूच.

२१ डिसेंबर

तीन दिवस बर्फ. आज पश्चिमेचा वारा. इर्माच्या कोठाराचं अर्धं छप्पर उडालं. चेरीची फांदी फुगलीय, पण फूल नाही.

२३ डिसेंबर

सणाचा कार्प आणलाय, उद्यापर्यंत जिवंतच बाथटबमध्ये ठेवायचा. वेंडो त्याला ‘काका’ म्हणतो. नेला हसली, खूप दिवसांनी.

वारा पडला. आभाळ धुतल्यासारखं निळं, आणि ऊब आलीय. असा सुंदर सण किती वर्षांत पाहिला नाही. मी म्हटलं, “बघ गं, देवानं कसं छान केलं.” तिनं खिडकीचा पडदा ओढून घेतला. वेंडो पाठपिशवी दाराशी आणून ठेवत होता. मी म्हटलं, ती पिशवी पडवीत ठेव, सणाच्या दिवशी दारात सामान नको. त्यानं ठेवली. मग थोड्या वेळानं पाहिलं तर पुन्हा दाराशी. कुणी आणली, विचारलं नाही.

रस्त्यानं गाड्या चालल्यात, टपावर स्की बांधलेल्या. सणाचं घर सोडून कसली ही माणसं.

२५ डिसेंबर

आता दुपार झाली आहे. दोघं वर झोपलेत. मला झोप येणार नाही. कालपासूनचं सगळं लिहिते.

काल दिवसभर आम्ही उपाशी होतो, पहिली चांदणी दिसेपर्यंत खायचं नाही. टेबलाच्या पायांना साखळी बांधली, घर वर्षभर एकत्र राहावं म्हणून. चार ताटं ठेवली, आम्हा तिघांची आणि एक रिकामं, इम्रिखचं. मधात बोट बुडवून दोघांच्या कपाळावर क्रूस काढला. वेंडोनं लहान मुलासारखे डोळे मिटले. ओप्लात्क्या, म्हणजे सणाच्या पातळ पापड्या, मोडल्या, मध आणि लसूण लावून खाल्ल्या. प्रार्थना झाली. मग मी नेलाला सांगितलं, कारण तिच्याकडे ही रीत इतकी कडक नाही, “आता जेवण संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. घरची बाई तेवढी उठते, वाढायला. दुसरं कुणी भरल्या ताटावरून उठलं तर पुढच्या नाताळला त्याची खुर्ची रिकामी राहते.”

“आई,” वेंडो म्हणाला, “घाबरवू नकोस तिला.”

“घाबरवत नाही. तुझे बाबा उठले होते. मेंढी व्याली म्हणून. मीच म्हटलं होतं, जा, बघून या. पुढच्या उन्हाळ्यात गेले.”

“बाबांना हृदयाचा त्रास होता.”

“तो सगळ्यांनाच असतो.”

मी कोबीचं सूप वाढलं. वेंडोनं दोन चमचे घेतले असतील, आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. टेबलावर ठेवू देणार नाही असं मी म्हणाले होते म्हणून त्यानं तो शर्टाच्या खिशात ठेवला होता. तो नुसतं ऐकत होता. “किती जण?” एवढंच विचारलं. मग उठला.

साखळी त्याच्या पायात अडकली. मी त्याची बाही धरली. दोन्ही हातांनी धरली. “नको,” म्हटलं. “जेवण होऊ दे. दहा मिनिटं. गोळे राहिलेत, सफरचंद राहिलंय.”

“दरड कोसळलीय बर्फाची, दोघं आहेत खाली, आई. नवरा-बायको. मागची दरी.”

“दुसरं कुणी जाईल.”

“दुसरा आज घरी आहे,” तो म्हणाला. माझ्याकडे बघून नाही, बाही सोडवता सोडवता म्हणाला. मग नेलाच्या केसांवर ओठ टेकवले, पिशवी उचलली आणि गेला. पिशवी दाराशीच होती.

मी परत खुर्चीत बसले. थोड्या वेळानं मी उठले आणि ताटं गोळा करायला लागले. काय करणार होते? सणाचा विचका झाला होता. वेंडोचं ताट उचललं, तेवढ्यात नेलानं माझं मनगट धरलं.

“काय करताय?”

“आवरतेय.”

“कशाला? जेवण कुठं संपलंय?”

ताट माझ्या हातातच होतं.

“अजून मासा आहे,” ती म्हणाली. “खसखशीचे गोळे आहेत. तुम्हीच म्हणालात ना, जेवण संपण्याआधी उठायचं नाही? मग संपवायचंच नाही. तो येईल, बसेल, खाईल, तेव्हा संपेल. ठेवा ते ताट. बसा, आई.”

या मुलीनं शिशाच्या तुकड्यावर विश्वास ठेवला नव्हता. हिचे आईवडील चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेलाही जात नाहीत. मी ताट जागेवर ठेवलं आणि बसले.

बसून राहिलो. कुणी काही खाल्लं नाही. ती ठाण्यावर फोन करत होती, लागत नव्हता. मी फक्त चुलीत लाकूड घालायला उठत होते. चर्चची घंटा झाली, लोक मिस्सेला गेले, गात गात परत आले. दर थोड्या वेळानं ती एकच करायची: वेंडोच्या चमच्याची दांडी त्याच्या ताटाशी सरळ करायची. सरळच होती ती.

मग एकदा फोन लागला. वायरलेसवर बसणारी मुलगी होती. नेलानं आवाज मोठा केला. ती मुलगी म्हणाली, बर्फाचा दुसरा लोट आला, पथक खालीच होतं, आपल्यातला एक गाडला गेलाय. कोण? नाव कळलेलं नाही. आणि कट झाला.

टेबलाच्या मधोमध सफरचंद होतं. जेवणाच्या शेवटी ते आडवं कापतात. आत तारा निघाला तर सगळे निरोगी, क्रूस निघाला तर घरातलं कुणीतरी जाणार. मी सुरी घेतली. मला कळायला हवं होतं. नुसतं बसवत नव्हतं. नेलानं सफरचंदावर तळहात ठेवला.

“नाही.”

“कळेल तरी.”

“आत काय आहे ते मला नकोय आत्ता. सुरी ठेवा.”

मी ठेवली. आणि तिथंच मी बोलून टाकलं. ठाण्यावर गेले होते, सुट्टी मीच रद्द करवली, तुम्ही नित्राला जाणार हे दारातून ऐकलं होतं, तू मला माझ्या मुलापासून तोडतेयस असं वाटलं. सगळं. माझा आवाज मला कुणा दुसऱ्याचा वाटत होता.

ती म्हणाली, “मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“ब्लाजेयनं दुसऱ्याच दिवशी वेंडोला सांगितलं. वेंडोनं मला.”

अठरा तारखेला हीच मुलगी माझ्याकडे पीठ मळायला शिकली होती. माझ्या तोंडाकडे बघत.

“मग भांडली का नाहीस?”

“मला भांडायचंच होतं. वेंडो म्हणाला, आईला असू दे खूश. एक दिवस आहे.” तिनं चमच्याची दांडी पुन्हा सरळ केली. मग म्हणाली, “दर शनिवारी, दर सुट्टीला तो जातो, मी काही बोलत नाही. फक्त हा एक दिवस मागितला होता मी. मागच्या वर्षी नित्राला कशासाठी गेलो होतो, तुम्हाला काय वाटलं? माझ्या आईच्या हातचं सूप चांगलं म्हणून?”

मला तेच वाटलं होतं.

मी म्हटलं, मला शिव्या दे. ती म्हणाली, आत्ता नाही, आत्ता मला ताकद नाही. तिच्या पायांत पातळ मोजे होते. मी इम्रिखचे लोकरीचे मोजे आणून तिच्यासमोर वाकले, तर तिनं पाय मागे घेतले. मग पुन्हा पुढे केले. बऱ्याच वेळानं ती अवघडून म्हणाली, “आई, मला बाथरूमला जायचंय.” मी म्हटलं, जा, त्या कामासाठी उठलेलं देव मोजत नसेल. तरी ती उठेना. खुर्ची रिकामी राहायला नको म्हणून मी माझ्या जागेवरून उठून तिच्या खुर्चीत बसले, ती परत येईपर्यंत. त्या खुर्चीवरून खिडकी सरळ दिसते, हे मला माहीत नव्हतं. पडदा ओढलेला असला तरी मधल्या फटीतून बरोबर दरीचं तोंड दिसतं.

उजाडल्यावर फाटकाशी इर्माची हाक आली. ती आत येईना. नाताळच्या सकाळी पहिलं माणूस बाईमाणूस आलं तर अशुभ, म्हणून गुडघाभर बर्फात कुंपणापलीकडे उभी. मी खिडकी उघडली.

“ओतिलिया, एकाला काढलंय म्हणे. शहरात नेलंय, हॉस्पिटलात.”

“जिवंत?”

“जिवंत.”

“कोण?”

“ते माझ्या जावयाला कळलं नाही. पथकाचं जाकीट होतं एवढंच. मी येऊ का आत? मागच्या दारानं येते.”

“नको, इर्मा,” मी म्हटलं.

“नको, बरोबर आहे,” ती म्हणाली. पण गेली नाही. तिथंच उभी राहिली, हात काखेत घालून. मी खिडकी लावली तरी तिची टोपी कुंपणावरून दिसत होती. नेलानं दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले होते.

मग टोपी हलली. इर्मा कुणाला तरी वाट देत होती.

तो दारातून आला तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या होत्या आणि ओठ फुटले होते. कपाळावरच्या मधाला टोपीची लोकर चिकटली होती. आमच्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, थंड सूप, न मोडलेला मासा. काही विचारलं नाही. बूटही काढले नाहीत. साखळी ओलांडून त्याच्या खुर्चीत बसला.

“ब्लाजेय,” तो म्हणाला. “कंबर मोडलीय. पण बोलतोय. खाली त्या बाईला काढत होता तेव्हा वरून आलं. मी त्याच्या वरच्या अंगाला होतो, त्याच्या हातमोज्याचं टोक मला दिसलं. बाकी कुणाला त्या जागेवरून दिसलं नसतं.” त्यानं हातमोजे काढून मांडीवर ठेवले. “बाई वाचली. तिचा नवरा नाही.”

वेंडोच्या जागी दुसरा माणूस असता तर तो कुठं उभा असता, कोण जाणे. हे ऐकून मला काय वाटायला हवं ते मला अजून कळलेलं नाही. ब्लाजेय जिवंत आहे. तिकडे एक बाई आज विधवा झालीय, तिनंही काल सकाळी काहीतरी भाजलं असेल. उद्या स्तेफानच्या दिवशी ब्लाजेयला बघायला जाणार आहे. त्याच्यासमोर काय बोलायचं ते ठरवलेलं नाही.

वेंडोनं हात पुढे केला, टेबलावरचं सफरचंद उचललं आणि चावला. न कापता. नेला आणि मी एकमेकींकडे बघितलं. तो अख्खं सफरचंद बियांसकट खात होता, भूक लागलेल्या घोड्यासारखा, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्याला पत्ताच नव्हता. मग नेलानं त्याचा डावा हात उचलून आपल्या गालाला लावला आणि तशीच बसून राहिली.

सूप गरम करायला हवं होतं. सवयीनं मी टेबलाच्या कडेला हात टेकले आणि उठायला लागले. मग पुन्हा बसले.

“नेला,” मी म्हटलं, “सूप गरम कर.”

ती समजली नाही. “मी? पण उठायचं तर तुम्हीच...”

“घरची बाई उठते. ऊठ.”

ती माझ्याकडे बघत राहिली. वेंडोही चावायचा थांबला. मग ती उठली. पाय आखडले होते, टेबलाला धरूनच चुलीपर्यंत गेली, इम्रिखच्या मोठ्या मोज्यांत. तिनं पातेलं चुकीच्या बाजूला ठेवलं, जिथं आच लागत नाही तिथं. झाकणही काढलं नाही.

मी काही बोलले नाही.